आरशाने गिळलेला प्रकाश
(अवरक्त लेसर आणि धातूच्या आरशांचे शोषणमापन)

कार्बन डायऑक्साइड लेसरने स्वरतंतूवरील गाठ काढताना किंवा त्वचेवरील चामखीळ नाहीशी करताना शल्यचिकित्सकाचे सारे लक्ष ऊतकावर पडणाऱ्या किरणबिंदूकडे असते आणि ते तसेच असावयास हवे. यंत्रावर १५ वॉट हा आकडा लावला म्हणजे ऊतकावर १५ वॉट शक्ती पडत आहे, असे आपण गृहीत धरतो. परंतु लेसरची नळी आणि रुग्णाचे शरीर यांच्यामध्ये आरशांची एक मालिका उभी असते आणि त्यांतील प्रत्येक आरसा आपल्या वाट्याचा थोडा प्रकाश गिळून उरलेला पुढे पाठवतो. हा गिळलेला वाटा किती, तो कसा मोजतात आणि त्या मापनाचा डॉक्टरांच्या नित्याच्या कामाशी काय संबंध, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. विषय भौतिकशास्त्राचा असला तरी त्यातील युक्तिवाद आपल्या व्यवसायाला अगदी जवळचा आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

सात आरशांचा हिशेब

कार्बन डायऑक्साइड लेसरच्या प्रकाशाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या सुमारे वीस पट आहे. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही. पाणी तो अत्यंत जोराने शोषून घेते. त्यामुळे पाण्याने भरलेल्या ऊतकात तो मिलिमीटरच्या काही शतांश भागातच संपतो. तेवढ्या पातळ थराची वाफ होते आणि खालच्या थरांना फारशी झळ पोहोचत नाही. या गुणामुळेच १९७२ साली अमेरिकेतील स्ट्राँग आणि जाको यांनी स्वरयंत्राच्या शस्त्रक्रियेतील या लेसरचा वापर प्रसिद्ध केला आणि कान-नाक-घसा शास्त्रात एक नवे दालन उघडले.

परंतु या तरंगलांबीची एक अडचण आहे. नेहमीचा काचेचा किंवा क्वार्ट्झचा प्रकाशतंतू तिला अपारदर्शक असतो. अलीकडे पोकळ लवचीक नळ्या उपलब्ध झाल्या आहेत, तरीही हा किरण रुग्णापर्यंत नेण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे सांध्यांचा हात. या हाताच्या प्रत्येक सांध्यात ४५ अंशांत बसवलेला एक आरसा असतो आणि असे सामान्यतः सात आरसे असतात. किरण एका आरशावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा वळत वळत शेवटच्या भिंगापर्यंत येतो.

आता हिशेब करू. प्रत्येक आरसा केवळ १ टक्का प्रकाश गमावतो असे मानले, तर सात आरशांनंतर सुमारे ९३ टक्के प्रकाश उरतो. प्रत्येकाचा तोटा २ टक्के झाला, तर ८७ टक्के उरतो. ३ टक्के झाला, तर ८१ टक्के. म्हणजे एकेका आरशाचा तोटा १ टक्क्यावरून ३ टक्क्यांवर गेला, तर २० वॉटमधील १८.६ वॉटऐवजी १६.२ वॉटच रुग्णापर्यंत पोहोचतात. आरशाकडे नुसते पाहून हा फरक कोणालाही ओळखता येणार नाही. ‘९९ टक्के’ आणि ‘९७ टक्के’ हे दोन्ही आकडे ऐकताना उत्तमच वाटतात. परंतु एकात तोटा १ आहे आणि दुसऱ्यात ३, म्हणजे तिप्पट. आरशाचे आरोग्य उरलेल्या प्रकाशाच्या आकड्यावरून कळत नाही. ते हरवलेल्या प्रकाशाच्या आकड्यावरून कळते.

हरवलेला प्रकाश नुसता हरवतही नाही. त्याची उष्णता होते. ६० वॉटच्या किरणापुढे १ टक्का शोषणारा आरसा ०.६ वॉट उष्णता स्वतःत घेतो, ३ टक्के शोषणारा १.८ वॉट घेतो. आरसा तापला की त्याचा पृष्ठभाग किंचित फुगतो आणि किरणाची दिशा व केंद्रबिंदू हलू शकतात. शिवाय धातू तापला की त्याचा विद्युतरोध वाढतो, विद्युतरोध वाढला की शोषण वाढते आणि शोषण वाढले की धातू आणखी तापतो. कारखान्यांत पोलाद कापणाऱ्या, हजारो वॉट शक्तीच्या लेसरमध्ये हे दुष्टचक्र इतके गंभीर असते की तेथील तांब्याचे आरसे आतून पाणी खेळवून थंड ठेवावे लागतात.

धातू प्रकाश शोषतो तरी का?

धातूमध्ये मुक्त इलेक्ट्रॉनांचा जणू एक समुदाय वावरत असतो. प्रकाशाची लहर पृष्ठभागावर आदळली की हे इलेक्ट्रॉन तिच्या तालावर डोलू लागतात आणि जवळजवळ सर्व ऊर्जा परावर्तित लहरीच्या रूपाने परत फेकतात. मात्र डोलता डोलता काही इलेक्ट्रॉन धातूच्या अणुजालावर आपटतात आणि तेवढ्या ऊर्जेची उष्णता होते. तेच शोषण होय. वीज चांगली वाहून नेणाऱ्या धातूत अशा टकरा कमी होतात. म्हणून उत्तम विद्युतवाहक हाच अवरक्त प्रकाशाचा उत्तम आरसा ठरतो.

हा संबंध १९०३ साली हागेन आणि रुबेन्स या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रयोगाने सिद्ध केला. धातूचे शोषण हे त्याच्या विद्युतरोधाच्या वर्गमूळाच्या सम प्रमाणात आणि तरंगलांबीच्या वर्गमूळाच्या व्यस्त प्रमाणात असते, असा तो नियम आहे. तांब्याचा विद्युतरोध त्या सूत्रात घातला तर १०.६ मायक्रॉनला सुमारे १.५ टक्के हे उत्तर येते. प्रत्यक्षात चांगल्या तांब्याच्या आरशाचे शोषण १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून थोडे कमी असते. कारण हा नियम याहून बऱ्याच लांब लहरींना काटेकोरपणे लागू पडतो, १०.६ मायक्रॉनला लहरीच्या एका हेलकाव्याचा काळ इलेक्ट्रॉनाच्या दोन टकरांमधील काळाच्या जवळपास येतो आणि सूत्राचे गृहीत ढिले पडते. सोने आणि चांदी यांचे शोषणही १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असते. ॲल्युमिनियम आणि मॉलिब्डेनम यांचे साधारणतः दीड ते दोन टक्क्यांच्या घरात भरते. स्टेनलेस स्टीलचे याच्या कित्येक पट असते.

हागेन आणि रुबेन्स यांच्या प्रयोगातील एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे. दीर्घ अवरक्त लहरींना धातूचे परावर्तन शंभर टक्क्यांच्या इतके जवळ जाते की, ते मोजून वजाबाकी करण्यात अर्थ उरत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून २५.५ मायक्रॉन तरंगलांबीला त्यांनी परावर्तन मोजलेच नाही. तापवलेला धातू स्वतः किती अवरक्त प्रकाश बाहेर टाकतो, ते त्यांनी काळ्या वस्तूच्या तुलनेत मोजले. किर्चहॉफच्या नियमानुसार जो पदार्थ जितका शोषतो तितकाच उत्सर्जित करतो. म्हणून उत्सर्जन कळले की शोषणही कळले. लहान राशी हवी असेल तर लहान राशीच मोजावी, हा धडा तेथपासूनचा आहे.

वजाबाकी का फसते?

धातूच्या आरशातून प्रकाश आरपार जात नाही. त्यामुळे आरशावर पडलेल्या प्रकाशाच्या तीनच वाटा संभवतात : तो परावर्तित होतो, विखुरला जातो किंवा शोषला जातो. तिन्हींची बेरीज १०० टक्के. तेव्हा परावर्तन मोजावे, १०० मधून वजा करावे आणि शोषण काढावे, हा मार्ग कोणालाही सहज सुचेल.

समजा, एका आरशाचे परावर्तन ९९.० टक्के भरले आणि मापनाची अनिश्चितता अर्ध्या टक्क्याची आहे. लेसरची शक्ती क्षणोक्षणी थोडी डळमळते आणि मापक सर्व ठिकाणी सारखा संवेदनशील नसतो, हे ध्यानात घेता अर्धा टक्का ही काही वाईट कामगिरी नव्हे. परंतु वजाबाकी केल्यावर शोषण येते १.० टक्के आणि अनिश्चितता तीच, अर्धा टक्का. म्हणजे खरे उत्तर ०.५ ते १.५ यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल. मोठ्या राशीतील नगण्य चूक लहान राशीत पन्नास टक्क्यांची झाली. ०.८ टक्के शोषणारा निरोगी आरसा आणि १.४ टक्के शोषणारा बिघडू लागलेला आरसा यांत या पद्धतीने भेद करता येणार नाही. त्यात विखुरलेला प्रकाशही शोषणाच्या खात्यावर जमा होतो, ही दुसरी चूक.

हे तत्त्व डॉक्टरांना नवे नाही. शस्त्रक्रियेत किती रक्तस्राव झाला हे जाणण्यासाठी कोणी रुग्णाचे वजन आधी व नंतर करून वजाबाकी करीत नाही. साठ किलोच्या देहात तीनशे मिलिलिटरचा फरक वजनकाट्याच्या चुकीतच बुडून जाईल. आपण भिजलेले बोळे तोलतो आणि शोषकनळीच्या बाटलीतील पातळी पाहतो. जे गेले तेच आपण मोजतो. आरशाच्या बाबतीत जे गेले ते उष्णतेच्या रूपाने आरशातच राहिलेले असते. म्हणून आरशाचे तापमान मोजावे, हाच राजमार्ग.

लेसर-उष्मामापन

या पद्धतीस लेसर-उष्मामापन म्हणतात. तिचे आंतरराष्ट्रीय मानक आय.एस.ओ. ११५५१ या क्रमांकाने १९९७ साली प्रथम प्रसिद्ध झाले आणि २००३ व २०१९ मध्ये त्याच्या सुधारित आवृत्त्या निघाल्या. मांडणी साधी आहे. तिच्यातील काळजी मात्र साधी नाही.

नमुन्याचा आरसा एका बंद, उष्णतारोधक पेटीत अगदी बारीक आधारांवर ठेवतात, म्हणजे त्याची उष्णता आधारांतून पटकन निसटत नाही. त्याच्या कडेला किंवा पाठीमागे, जेथे लेसरचा किरण पडणार नाही अशा जागी एक थर्मिस्टर लावतात. थर्मिस्टर आपल्या परिचयाचा आहे. अतिदक्षता विभागातील तापमानाच्या शोधनळीत तो असतो, तसेच थंड द्रव टोचून हृदयाचे प्रक्षेपण मोजण्याच्या नळीच्या टोकाशीही तोच बसवलेला असतो. त्याचा विद्युतरोध एका अंशाला सुमारे चार टक्क्यांनी बदलतो, म्हणून अंशाच्या सहस्रांश भागाएवढा फरकही योग्य मंडलाने टिपता येतो.

लेसरचा किरण पेटीच्या छिद्रातून आत येऊन आरशावर पडतो आणि परावर्तित होऊन दुसऱ्या छिद्रातून बाहेर जातो. बाहेर त्याला एका शक्तिमापकावर पूर्णपणे अडवतात. तो पेटीतच कोठे तरी आदळला, तर पेटी तापेल आणि सारा हिशेब बिघडेल.

मापनाचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात लेसर बंद ठेवून तापमान स्थिर आहे ना, की आपोआप सरकत आहे, हे पाहतात. दुसऱ्या टप्प्यात ठरावीक काळ लेसर चालू ठेवतात. आरसा हळूहळू तापतो. तिसऱ्या टप्प्यात लेसर बंद करून आरसा निवत असताना त्याचे तापमान नोंदत राहतात. हाती येतो तो एक आलेख : आधी सपाट, मग चढता आणि शेवटी उतरता, अगदी तापाच्या तक्त्यासारखा.

आलेखाचे वाचन

हा आलेख वाचण्याची रीत औषधशास्त्र शिकलेल्या प्रत्येकाला ओळखीची वाटेल. शिरेतून औषध एकसारख्या वेगाने चालू ठेवले, तर रक्तातील त्याचे प्रमाण आधी झपाट्याने वाढते, मग निचराही वाढत गेल्याने वाढीचा वेग मंदावतो. औषध थांबवले की पातळी ठरावीक अर्धायुष्याने उतरते. उतरत्या भागावरून निचऱ्याचा वेग कळतो आणि तो चढत्या भागात मिळवला की औषध प्रत्यक्षात किती वेगाने आत जात होते ते काढता येते. येथे औषधाच्या जागी उष्णता आहे, रक्तातील पातळीच्या जागी तापमान आहे आणि वितरण-आकारमानाच्या जागी आरशाची उष्णताधारकता आहे.

एक उदाहरण मांडून पाहू. तांब्याची २५ मिलिमीटर व्यासाची आणि ३ मिलिमीटर जाडीची चकती घेतली, तर तिचे वस्तुमान सुमारे १३.२ ग्रॅम भरते. तांब्याचा विशिष्ट उष्मा ग्रॅममागे ०.३८५ जूल आहे. म्हणून ही चकती एक अंशाने तापवण्यास सुमारे ५.१ जूल उष्णता लागेल. तिच्यावर २० वॉटचा किरण सोडला. तापमान सुरुवातीपेक्षा १.२ अंशांनी वर गेले असताना ते सेकंदाला ०.०३५ अंश या वेगाने चढत होते. पुढे लेसर बंद केल्यावर, खाली येताना नेमक्या त्याच तापमानाला ते सेकंदाला ०.००३ अंश या वेगाने उतरत होते.

चढताना मिळालेला वेग हा उष्णतेची आवक वजा निचरा असा होता. म्हणून निचरा परत मिळवावा. बेरीज ०.०३८ अंश. तिला ५.१ ने गुणले की सुमारे ०.१९४ वॉट येतात. आरशाने शोषलेली शक्ती ती हीच. तिला २० वॉटने भागले की शोषण येते ०.९७ टक्के.

आता या पद्धतीचे खरे बळ पाहा. समजा, लेसरची शक्ती मोजण्यात ३ टक्के चूक झाली. तर उत्तरही ३ टक्क्यांनीच चुकेल, म्हणजे ०.९७ च्या जागी ०.९४ किंवा १.०० येईल. वजाबाकीच्या मार्गात अर्ध्या टक्क्याच्या चुकीने उत्तर निम्म्याने हलत होते; येथे सहापट मोठी चूकही उत्तराला फारसे हलवू शकत नाही. उपकरण तेवढेच चांगले किंवा तेवढेच वाईट. फरक फक्त काय मोजावयाचे हे ठरवण्याचा आहे.

उष्णताधारकतेच्या आकड्यावर विश्वास ठेवावयाचा नसेल, तर आणखी एक सुंदर उपाय आहे. आरशाला एक छोटा विद्युत तापक चिकटवावा आणि लेसर बंद ठेवून त्यात माहितीची विद्युतशक्ती सोडावी. तापमानाचा तोच आलेख ज्या विद्युतशक्तीने हुबेहूब उमटतो, तेवढीच शक्ती आरशाने लेसरमधून शोषली होती. दुकानदार तराजूच्या एका पारड्यात माप टाकून दुसऱ्यातील माल तोलतो, तसाच हा प्रकार.

मापनातील खाचखळगे

पहिला खळगा विखुरलेल्या प्रकाशाचा. आरशावरून उडालेला थोडासा प्रकाश थेट थर्मिस्टरवर पडला, तर तो आरशापेक्षा लवकर तापतो आणि आलेखाच्या आरंभी एकदम उडी दिसते. खऱ्या शोषणाने तापमान सरळ रेषेत चढू लागते. उडी दिसली की मांडणी तपासावी.

दुसरा खळगा उष्णता पसरण्याच्या काळाचा. वरील आकाराच्या तांब्याच्या चकतीत उष्णता एक-दोन सेकंदांत सर्वत्र सारखी पसरते. परंतु काचेवर सोन्याचा थर दिलेला तेवढ्याच आकाराचा आरसा घेतला, तर याच कामाला मिनिटे लागतात. अशा आरशात थर्मिस्टर कोठे लावला यावर उत्तर बदलू शकते. म्हणून आलेखाचा आरंभीचा भाग सोडून पुढचा भाग वाचावा लागतो.

तिसरा खळगा वाऱ्याच्या झुळकीचा. खोलीचे दार उघडले, कोणी शेजारून गेले, एवढ्यानेही अंशाचा शतांश भाग हलतो. म्हणून बंद पेटी, म्हणून मापनापूर्वीचा दीर्घ विसावा.

चौथी बाब कोनाची आणि ध्रुवणाची. किरण तिरपा पडला की शोषण बदलते. प्रकाशाचे विद्युतक्षेत्र आपतनाच्या प्रतलाला काटकोनात असेल तर ते घटते, प्रतलातच असेल तर वाढते. लंब आपतनाला १ टक्का शोषणारा आरसा ४५ अंशांत बसवला, तर पहिल्या स्थितीत ०.७ टक्के आणि दुसऱ्या स्थितीत १.४ टक्के शोषतो. म्हणजे फरक दुपटीचा. सातही आरसे अनुकूल स्थितीत असते तर एकूण तोटा सुमारे ५ टक्के झाला असता, सातही प्रतिकूल असते तर ९ टक्क्यांहून अधिक. लेसरचा प्रकाश एका दिशेत ध्रुवित असेल, तर हाताचे सांधे फिरतात तशी प्रत्येक आरशाची स्थिती बदलते आणि टोकावरील शक्तीही थोडी खाली-वर होते. म्हणून आरशाचे शोषण सांगताना तरंगलांबी, कोन आणि ध्रुवण यांचा उल्लेख नसेल, तर तो आकडा अपुरा समजावा.

शोषण मोजण्याचे इतरही मार्ग आहेत. एकाच आरशावरून किरण पुन्हा पुन्हा परतवून तोटा मोठा करून पाहता येतो. दोन आरशांमध्ये प्रकाश कोंडून तो किती वेळात विझतो हे मोजता येते. मात्र त्यातून शोषण आणि विखुरणे यांची बेरीजच कळते. शोषण स्वतंत्रपणे हवे असेल, तर उष्णतेकडेच यावे लागते.

डोळ्यांवर विश्वास नको

अवरक्त प्रकाश धातूत नॅनोमीटरच्या काही दशकांपेक्षा खोल शिरत नाही. म्हणजे आरशाचे सारे गुणदोष त्याच्या अत्यंत पातळ त्वचेत सामावलेले असतात. वरवर शुद्ध दिसणारे तांबेही घासताना त्याच्या त्वचेत पॉलिशचे कण रुतले, तर अधिक शोषते. हिऱ्याच्या टोकाने कातून काढलेला तांब्याचा पृष्ठभाग म्हणूनच चांगला समजला जातो.

येथे आपले डोळे दोन प्रकारे फसवतात. पृष्ठभागाच्या खडबडीतपणामुळे विखुरणारा प्रकाश तरंगलांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. त्यामुळे दृश्य प्रकाशात किंचित धूसर दिसणारा आरसा १०.६ मायक्रॉनला शेकडो पट कमी विखुरतो आणि उत्तम काम देऊ शकतो. याउलट, ज्याच्यावर संरक्षणासाठी सिलिकाचा पारदर्शक थर दिला आहे, असा लखलखीत आरसा अवरक्तात नालायक ठरू शकतो. कारण सिलिका ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास जोराने शोषते आणि तिरप्या किरणाला तर ती अधिकच जाचक होते. दिशादर्शक तांबडा किरण टोकातून स्वच्छ बाहेर पडतो, म्हणून अदृश्य किरणही पुरा येत असेल, हा निष्कर्ष तेवढाच धोक्याचा.

तद्वतच, लेसर शस्त्रक्रियेसाठी मुद्दाम खरखरीत केलेली उपकरणे लेसर ‘शोषून घेतात’ असे काही वेळा म्हटले जाते. धातू खरखरीत केल्याने शोषण थोडे वाढते खरे. परंतु मुख्य लाभ किरण विखुरला जाण्याचा असतो. एकवटलेला किरण भलत्या ठिकाणी परावर्तित होऊन ऊतक किंवा श्वासनलिकेतील नळी जळू नये, म्हणून ही योजना. प्रकाश बराचसा खोलीतच राहतो. सबब संरक्षक चष्मे आणि ओल्या गॉजच्या घड्या यांची गरज कमी होत नाही.

रुग्णालयासाठी चार गोष्टी

उष्मामापनाची पेटी प्रत्येक रुग्णालयात असण्याची गरज नाही. परंतु तिच्यामागील विचार मात्र तेथे असावयास हवा.

पहिली गोष्ट : शक्ती यंत्राच्या पडद्यावर वाचण्याबरोबरच हाताच्या टोकाशीही मोजावी. अनेक यंत्रांत शक्ती हाताच्या अलीकडेच मोजली जाते. सुरुवातीला हातातील घट धरून आकडा जुळवलेला असला, तरी आरसे पुढे जुने होतात आणि तो जुळवलेला आकडा मागेच राहतो.

दुसरी गोष्ट : एका मापनापेक्षा मापनांची नोंदवही मोलाची. पडद्यावरचा आकडा, टोकावरचा आकडा आणि तारीख अशा तीन रकान्यांची वही पुरे. टोकावरील शक्ती पाच टक्क्यांनी उतरली, म्हणजे सात आरशांपैकी एक वाईट बिघडला आहे किंवा सातही थोडेथोडे मळले आहेत. हा कल वेळीच दिसला, तर शस्त्रक्रियेच्या टेबलावर शक्ती वाढवत बसण्याची वेळ येत नाही. शक्ती वाढवून काम भागते खरे. पण त्यामुळे मळलेला आरसा आणखी तापतो, हे वर पाहिलेच आहे.

तिसरी गोष्ट : आरशाला बोट लावू नये आणि तो जवळच्या कापसाने पुसू नये. बोटाच्या ठशातील चरबी व ओलावा अवरक्त प्रकाश शोषतात. सोन्याचा थर मऊ असतो. चुकीच्या हाताने घासल्यास ठसा जातो, पण ओरखडा कायमचा राहतो. मॉलिब्डेनमचा आरसा जास्त शोषूनही काही ठिकाणी वापरला जातो, तो त्याच्या कठीणपणामुळेच. स्वच्छतेचे काम प्रशिक्षित तंत्रज्ञाने, उत्पादकाने सांगितलेल्या द्रावकाने आणि कागदाने करावे.

चौथी गोष्ट : शस्त्रक्रियेत उठणारा धूर शोषकनळीने जागेवरच ओढून घ्यावा. तो श्वासाला अपायकारक आहे, हे आपण जाणतोच. तोच धूर हाताच्या टोकावरील भिंगावर आणि सांध्यांत शिरून आरशांवर बसतो, हे त्याचे दुसरे कारण.

समारोप

कार्बन डायऑक्साइड लेसरचा जनक हा आपल्या मातीतला आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कुमार पटेल यांचा जन्म १९३८ साली बारामतीला झाला, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी १९५८ मध्ये पदवी घेतली आणि १९६४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर सिद्ध केला. इंदूरमध्ये तर लेसर हा विषय परका नाहीच. १९८४ मध्ये पायाभरणी झालेले आणि आज राजा रामण्णा यांचे नाव धारण करणारे प्रगत तंत्रज्ञान केंद्र या शहराच्या सीमेवरच उभे आहे आणि लेसर हा त्याच्या संशोधनाचा पहिल्यापासूनचा विषय आहे. शहरातील डॉक्टर आणि तेथील भौतिकशास्त्रज्ञ यांच्यात अशा प्रश्नांवर बोलणे होत राहिले, तर त्यात दोघांचाही लाभ आहे.

आरशाच्या शोषणाचा आकडा एका टक्क्याचा. तो ठरवण्यासाठी अंशाच्या सहस्रांश भागाची काळजी घ्यावी लागते, हे पाहून हा खटाटोप कशासाठी असे वाटू शकेल. परंतु रुग्णाच्या ऊतकावर पडणाऱ्या शक्तीला आपण ‘मात्रा’ म्हणतो. औषधाची मात्रा बाटलीवरच्या आकड्याने ठरत नाही, रुग्णाच्या शरीरात किती पोहोचले यावर ठरते. लेसरच्या मात्रेलाही तोच न्याय लागू आहे. वाटेत किती हरवले हे ज्याला मोजता येते, त्यालाच शेवटी किती पोहोचले हे खात्रीने सांगता येते.